दाराची खालची कड

"गाडीची ही पुढची जाळी एकसष्टची," भिंग न हलवता पासिंगसाहेब म्हणाले. "पुढच्याच वर्षी कंपनीनं ती बदलली. डोळे झाकून सांगतो, एकसष्ट."

"झाकू नका, उघडेच ठेवा," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "बाई लांबून आल्यात."

गाड्या तपासून पास-नापास करण्यात चौतीस वर्षं गेल्यामुळे साहेबांना गल्लीत हेच नाव पडलं होतं. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, पण खोड काही सुटली नाही. लोक घरातले जुने फोटो घेऊन यायचे आणि साहेब मडगार्डाच्या कोपऱ्यावरून गाडीचं साल सांगायचे. माणसांकडे त्यांचं लक्षच नसे. शेजाऱ्यांच्या लग्नाच्या फोटोत नवरी कोणती हे त्यांना ओळखता आलं नव्हतं, मागच्या गाडीच्या एका चाकाची हबकॅप भलत्याच गाडीची आहे हे मात्र त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं.

समोरच्या बाई शाळेत गणित शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. फोटो त्यांच्या वडिलांचा होता. बंपरवर एक पाय ठेवून हसणारा माणूस, आणि नेमका त्या पायाआड गाडीचा नंबर. आईच्या कपाटात कागदाखाली त्यांना तो सापडला होता. घरात वडिलांचा दुसरा फोटो नव्हता. बाई दोन वर्षांच्या असताना, चौसष्ट साली, वडील परगावी अपघातात गेले, असं आईनं त्यांना सांगितलं होतं. हे सगळं आल्या आल्या सांगून झालं होतं. आता फोटो फ्रेम करायचा होता आणि खाली साल घालायचं होतं.

"एकसष्ट म्हणजे मी व्हायच्या आधीचं," बाई खुशीत म्हणाल्या. "नवी गाडी घेतल्यावर काढला असणार."

"नवी?" साहेबांना हुरूप चढला. "छे हो! गाडी आधी खालून म्हातारी होते, बाई. दाराची खालची कड बघा, कशी फुगलीय. तिथं चिखल साठतो आणि पत्रा आतून गंजतो. आता हे ड्रायव्हरचं दार. मागच्या बाजूला खाली आलंय की नाही? रोज उघडून उघडून बिजागऱ्या झिजतात. दहा वर्षं तर नक्कीच वापरलीय. आणि पुरावाच हवा असेल तर ही मागची गाडी घ्या. अर्धाच दिवा दिसतोय, पण चौकोनी आहे. ते मॉडेल निघालं त्र्याहत्तरला. त्याआधी हा फोटो निघणं शक्यच नाही!"

टेबलावर थाप मारून त्यांनी वर पाहिलं. चहा घेऊन आलेली बायको दारातच थांबली होती आणि डोळे वटारून त्यांच्याकडे बघत होती. तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"त्र्याहत्तर," बाई म्हणाल्या.

"म्हणजे तसंच असेल असं नाही," साहेब चाचरले. "लोक हौसेनं दिवे बदलून घेतात. माझी चूकही होत असेल. वय झालं आता."

गाड्यांच्या मालकांना हातापाया पडून, ओळखी लावूनही ज्यांच्या तोंडून 'चुकलो' वदवता आलं नव्हतं, ते साहेब आज आपणहून चूक पदरात घेत होते. बायकोही मदतीला धावली. "यांचं काही मनावर घेऊ नका हो. परवा चष्मा डोक्यावर आणि हे पलंगाखाली शोधतायत."

बाईंनी दोघांनाही हातानंच थांबवलं. "साहेब, मी पस्तीस वर्षं वह्या तपासल्यात. बरोबर आलेलं उत्तर घाबरून खोडणारी मुलं मला लगेच कळतात. तो दिवा बदललेला आहे का?"

साहेबांनी पुन्हा भिंग धरलं. या वेळी त्यांनी माणूसही पाहिला. कानशिलांवर केस पिकले होते.

"नाही," ते म्हणाले. "पत्र्याचा आकारच तसा आहे."

"मी सहावीत होते तेव्हा. शाळेच्या फॉर्मवर 'वडील हयात नाहीत' असं माझ्याच हातानं लिहायचे. आई शेजारी बसून शुद्धलेखन तपासायची."

साहेबांना स्वतःच्या जिभेचा मनस्वी राग आला. एकसष्ट सांगून गप्प बसले असते तर बाई हसत घरी गेल्या असत्या.

"आईला विचारणार का?" साहेबांच्या बायकोनं हळूच विचारलं.

"अठ्ठ्याऐंशीची आहे ती. मला एकटीनं वाढवलं. आता या वयात तिची उलटतपासणी कशाला घेऊ?" बाईंनी फोटो स्वतःकडे वळवून घेतला. "साहेब, एक सांगा. त्यांनी गाडी कशी ठेवली होती?"

खोटं बोलायची ही दुसरी संधी होती. पण एकदा पकडले गेल्यावर साहेबांना तेवढा धीर उरला नव्हता.

"चांगली. टायर नवे घातलेत. काचेभोवतीचं रबर बदललंय. गंज दिसला तिथं वेळच्या वेळी घासून रंग मारलाय. जीव लावल्याशिवाय इतकं कुणी करत नाही. मी पास केली असती."

बाईंनी थंड झालेला चहा सगळा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि फोटो पाकिटात घातला.

"निदान गाडी तरी सांभाळली म्हणायची," त्या म्हणाल्या आणि चपला घालायला वाकल्या.