नऊ दिवसांचा अबोला

अबोल्याचा तो नववा दिवस होता, आणि दोघे साडू तेरा मजली इमारतीच्या गच्चीवर एकमेकांकडे पाठ करून कमरेचे पट्टे आवळत होते. काम रोजचंच. दोराला लटकायचं आणि बाहेरून काचा पुसत पुसत खाली उतरायचं.

थोरल्याला कामावर सगळे खांब म्हणत. एक तर तो उंच होता, आणि दुसरं म्हणजे अकरा वर्षांत त्याला कुणी डगमगताना पाहिलं नव्हतं. वारा सुटो, बादली निसटो, खालून इमारतीचा मालक बोंबलो, हा आपला जागच्या जागी. हे नाव त्याला मनातून फार आवडायचं. तोंडानं मात्र तो ‘कसला खांब नि काय’ म्हणून उडवून लावायचा. धाकट्याचं नाव बडबड्या. ते का पडलं हे विचारायची वेळ कधी कुणावर आली नाही, कारण विचारायच्या आत तो स्वतःच सांगायला लागायचा.

अबोल्याचं कारण म्हटलं तर एवढंसं. बडबड्याच्या मुलीचा वाढदिवस होता. दोघी बहिणी, त्यांची मुलंबाळं, चार शेजारी, सगळे जेवून हातावर पाणी पडल्यावर गप्पांना बसले होते. बडबड्याला चेव चढला आणि त्यानं दोन वर्षांपूर्वीची गोष्ट काढली. खांबाचे वडील गेले होते आणि हा शहाणा चौथ्या दिवशी कामावर हजर झाला होता. आठव्या मजल्यावर लटकलेला असताना त्याला अचानक रडू फुटलं. वर जाता येईना, खाली येता येईना. बडबड्या शेजारच्या दोरावर होता. तो चाळीस मिनिटं नुसता बोलत राहिला, वाटेल ते बोलत राहिला आणि बोलता बोलता त्यानं खांबाला जमिनीवर आणलं. ही गोष्ट दोघांतच राहिली होती. त्या दिवशी मात्र बडबड्यानं ती हुंदक्यांच्या नकलेसकट सगळ्यांना करून दाखवली. लोक पोट धरधरून हसले. खांबाची स्वतःची मुलगीही हसली. खांबही हसला. मग घरी गेला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं साडूशी बोलणं टाकलं.

"राग आलाय का तुम्हाला?" बायकोनं विचारलं होतं.

"मला कुठला राग येतोय?" तो म्हणाला, आणि ताटावरून अर्धपोटी उठला.

बडबड्यानं दोन दिवस गोड बोलून पाहिलं, तिसऱ्या दिवशी टोमणे मारून पाहिलं, आणि चौथ्या दिवशी तोही फुगला. बडबड्या फुगला म्हणजे काय झालं असेल याची कल्पना करा.

आता या कामात एक रीत आहे. प्रत्येकाला दोन दोर असतात, एक मुख्य आणि एक राखीव. दोन्ही गच्चीवर पोलादी कड्यांनी अडकवलेले असतात. प्रत्येक कडीच्या तोंडावर एक पेच असतो, तो फिरवून घट्ट केला की कडी उघडत नाही. आणि हा पेच आपला आपण तपासायचा नाही, जोडीदाराचा तपासायचा. म्हातारा मुकादम म्हणायचा, स्वतःची कडी माणसाला नेहमी बंदच दिसते. तपासताना मोठ्यानं विचारायचं. "पट्टा?" "पक्का." "मुख्य दोर?" "पक्का." "राखीव?" "पक्का." आणि शेवटी मुकादमाचं स्वतःचं एक खूळ होतं. "डोकं?" असं विचारायचं आणि समोरच्यानं "जाग्यावर" म्हणायचं. डोकं जाग्यावर नसेल तर तसं सांगायचं, खाली बसायचं, चहा प्यायचा, मग बघू. अकरा वर्षांत खांबानं "जाग्यावर" सोडून दुसरं उत्तर दिलं नव्हतं. वडील जाऊन चार दिवस झाले होते तेव्हाही नाही.

अबोल्यात मोठ्यानं विचारायचं कसं? पहिले काही दिवस ते मुक्यानंच तपासत होते. हातानं चाचपायचं, मान हलवायची, झालं. मुकादम गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या नळीशी झटत असे, त्याच्या लक्षात आलं नाही. हळूहळू चाचपणंही गेलं. नुसती नजर टाकायची.

त्या सकाळी खांबानं नजर टाकली आणि त्याला दिसलं. बडबड्याच्या मुख्य दोराच्या कडीचा पेच फिरवलेला नव्हता. अगदी स्वच्छ दिसलं. तोंडाशी शब्दही आले होते. पण आधी बोलायचं म्हणजे आधी नमतं घ्यायचं, आणि नऊ दिवस राखलेला तोरा एका पेचापायी घालवायचा? दिसेल त्याला, बघेल तो, असं त्याच्या मनानं म्हटलं. ते त्यानं ठरवलंही नाही, नुसतं तसं होऊ दिलं. तेवढ्यात मुकादम ओरडला, "अरे उतरा की, ऊन चढलं!" आणि दोघंही कठड्यावरून पलीकडे गेले.

बाराव्या मजल्यावर काचेआड एक बाई फोनवर बोलत होती. अकराव्यावर खुर्च्या रिकाम्या होत्या. खांबाचे हात सवयीनं चालत होते, फेस, फडकं, रबरी पट्टी. दहाव्या मजल्यावर मात्र त्याचा हात काचेवरच थबकला.

पेच उघडा होता.

त्यानं मान वळवून पाहिलं. बडबड्या दोन हात अंतरावर होता, पाठमोरा, तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत. कोपऱ्यावरची काच हाताशी येत नव्हती, म्हणून तो पायानं भिंतीला रेटा देऊन झोके घेत होता. माणूस सरळ लटकलेला असेल तोवर उघड्या कडीलाही काही होत नाही. पण झोके घेतले की दोर कडीच्या तोंडाशी घासतो, आणि पेच आवळलेला नसला की ते तोंड उघडतं. राखीव दोर झेलतो, हे खरं. पण मधे पाच-सहा फूट माणूस पडतो आणि काचेवर आपटतो. आणि राखीवची कडी? ती तर खांबानं पाहिलीच नव्हती.

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. नऊ दिवस ज्या गळ्याला त्यानं कुलूप घातलं होतं, तो आता वेळेला उघडायला तयार नव्हता.

"थांब!" अखेर तो ओरडला.

बडबड्यानं वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि मग लगेच तो झाकायची घाई. "अरे वा! दादाला वाचा फुटली. नऊ दिवसांनी बोललास आणि तेही हुकूम सोडायला?"

"झोके घेऊ नकोस."

"का? तुझ्या काचा संपतील?" बडबड्यानं मुद्दाम आणखी जोरात रेटा दिला. वर कठड्याशी दोर करकरला. तो आवाज खांबाच्या थेट छातीत गेला.

"तुझ्या कडीचा पेच!" खांबाचा आवाज चिरकला. "तपासायचा राहिलाय. मुख्य दोराचा. उघडा असणार. हलू नकोस, तुझ्या पाया पडतो, हलू नकोस!"

बडबड्या दाराच्या चौकटीइतक्या झोक्यात दोनदा इकडून तिकडे गेला आणि मग संथ झाला. त्याचा रंग उतरला होता. त्यानं वर पाहिलं. खालून आभाळ आणि कठड्याची कड यांपलीकडे काही दिसत नव्हतं.

खांबानं छातीवरचा वॉकीटॉकी दाबला. "मुकादम. मुकादम!" नुसती खरखर. पुन्हा दाबला. खाली रस्त्यावर एक गाडी मागे घेत होते, तिचा टीं टीं आवाज दहाव्या मजल्यापर्यंत येत होता.

"दादा," बडबड्या म्हणाला. "राखीवचं काय?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?" आणि तो चिडला. भीती वाटली की तो नेहमी आधी चिडायचा, हे खांबाला पंधरा वर्षं माहीत होतं. "माहीत नाही म्हणजे काय? तुझं काम होतं ते! मी तुझी कडी बघितली होती! तोंडानं नाही विचारलं, पण बघितली तरी होती!" बोलता बोलता त्याचे हात उडायला लागले, पट्टा हलला, दोर हलला.

खांबाला आतून ओरडून सांगायचं होतं, गप्प बस, घाबरतोस कसला. आयुष्यभर त्यानं स्वतःला हेच सांगितलं होतं आणि दुसऱ्यांनाही हेच ऐकवलं होतं. पण त्याचे स्वतःचे गुडघे काचेवर टकटक आपटत होते, आणि ते बडबड्याला दिसत होते.

"भीती वाटतेय ना?" तो म्हणाला. "वाटू दे. मलाही वाटतेय. हे बघ, माझे पाय बघ. चिडायचं असेल तर तोंडानं चीड, मला वाटेल ते बोल. फक्त हात छातीशी धर."

बडबड्यानं त्याचे थरथरणारे गुडघे पाहिले. हात छातीशी घेतले. आणि मग त्यानं तोंड सोडलं. अडाणी, आढ्यतेखोर, कुजका, घुम्या, पुन्हा घुम्या. खांब प्रत्येक शब्दाला "हो" म्हणत होता आणि एका हातानं वॉकीटॉकी दाबत होता.

"काय रे, काय झालं?" मुकादमाचा आवाज आला.

"याचा मुख्य दोर. कडीचा पेच बघा. आधी हातानं कडी दाबून धरा, मग पेच फिरवा. राखीवचाही बघा. पळा!"

म्हातारा काही न विचारता पळाला असावा, कारण त्याच्या धापा वॉकीटॉकीतून ऐकू येत होत्या. मधेच त्यानं सवयीनं विचारलं, "तुझं डोकं जाग्यावर आहे ना?"

"नाही," खांब म्हणाला.

पलीकडून मुकादम म्हणाला, "बरं. मग तू काही करू नकोस. मी करतो."

काचेआड ऑफिसातला एक जण कागद हातात घेऊन थांबला होता. ही दोन माणसं काच न पुसता नुसतीच का लटकलीत, हे त्याला कळत नव्हतं. बडबड्याचे डोळे मिटलेले होते. एकेक क्षण सरता सरत नव्हता.

"सताड उघडा होता," मुकादमाचा आवाज आला. "लावला. राखीवचा बंद होता, तोही आवळला. सावकाश खाली या दोघं. काचा गेल्या खड्ड्यात."

जमिनीला पाय लागल्यावर बडबड्या पट्ट्यासकट खांबाच्या गळ्यात पडला. तो रडत होता आणि रडता रडता अर्थातच बोलत होता. "दादा, तू वाचवलंस रे. नेमक्या वेळेला आठवलं तुला. मी तुझी अशी टर उडवली चार लोकांत, आणि तू... चुकलंच माझं. तुझी गोष्ट होती ती, मी सांगायला नको होती. संपलं आता, काय? संपलं सगळं."

मुकादम लिफ्टनं खाली आला होता. त्यानं खांबाच्या पाठीवर थाप मारली. "चूक दोघांची. पण आठवण ठेवलीस, शाब्बास. उगीच नाही खांब म्हणत."

इथं सगळं गोडीगुलाबीनं मिटत होतं. खांबानं फक्त मान हलवायची होती. तपासायचं राहिलं, असं तो वर म्हणाला होता आणि सगळ्यांनी ते मानलं होतं. राहून जातं माणसाकडून, राहून गेल्याची शिक्षा कोण कुणाला देतो? साडू परत मिळत होता, नाव शाबूत राहत होतं, आणि खरं काय ते त्याच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. बडबड्याचा घामेजलेला गाल त्याच्या खांद्यावर टेकला होता. हे असंच राहिलं तर किती बरं होईल, असं त्याला फार वाटलं. आणि हा माणूस उद्या पुन्हा आपल्यावर विसंबून कठड्यावरून पलीकडे जाईल, हेही वाटलं.

त्यानं त्याला हळूच बाजूला केलं.

"मला आठवलं नाही," तो म्हणाला. "मला दिसलं होतं."

"काय?"

"वर. उतरायच्या आधी. पेच उघडा होता, मला दिसला होता. मी बोललो नाही."

मुकादमाचा पाठीवरचा हात खाली आला. बडबड्या त्याच्याकडे बघत राहिला. "मुद्दाम?"

"तुझं वाईट व्हावं असं नव्हतं मनात. शपथ. पण आधी मी बोलायचं, हे मला होईना. तेवढ्यासाठी." त्याचा आवाज कापत होता, तो त्यानं कापू दिला. "सगळे म्हणतात मला राग आला होता. राग नव्हता. लाज वाटली होती. माझी पोरगी हसली रे तेव्हा. ते मी तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, आणि बघ कुठवर गेलं."

बडबड्या चार पावलं लांब गेला, भिंतीला हात टेकून उभा राहिला, पुन्हा परत आला. खांब हलला नाही. मारलं तर मारू दे, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

"मुकादम, आज मी घरी जातो," बडबड्या म्हणाला. मग खांबाकडे न बघता त्यानं पट्टा सोडला, खांद्यावर टाकला. "दादा, मी आत्ता काही बोललो तर ते मला परत घेता येणार नाही. म्हणून आज बोलत नाही. पण हा अबोला नाही, कळलं? उद्या संध्याकाळी येतो तुझ्या घरी. ताईला सांगून ठेव, जेवायला नाही, भांडायला येतोय."

"ये," खांब म्हणाला. "मी दारातच उभा असेन."