मागे पडलेलं घड्याळ

रुग्णालयातले झाडून सगळे कॉम्प्युटर तारवालीच्या हाताखाली होते. नावानं तिला कुणी हाक मारत नसे. स्क्रीन काळी पडली, प्रिंटर रुसून बसला, की "तारवालीला बोलवा" एवढंच. पेशंटशी तिचा संबंध येत नसे आणि तिला ते बरंच वाटे. यंत्र बिघडलं तर दुरुस्त तरी करता येतं, असं ती म्हणायची.

त्यामुळे एका सकाळी तिच्या दारात एक म्हाताऱ्या बाई आणि त्यांचा मुलगा येऊन उभे राहिले, तेव्हा ती जरा गोंधळलीच.

"रेकॉर्ड विभागानं तुमच्याकडे पाठवलं," मुलगा म्हणाला. "बाबा गेल्या महिन्यात इथेच गेले. दाखल्यावर सव्वाचारची वेळ आहे. आणि आईची गेटवरची नोंद आहे चार वीसची."

आजी खुर्चीच्या कडेवर टेकल्या. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली बाई. बोलणं अजून तसंच स्वच्छ होतं.

"मी आले तेव्हा हे जागे होते," त्या म्हणाल्या. "मी बोलले, त्यांनी माझा हात दाबला. मग डोळा लागला त्यांचा, म्हणून मीही गप्प बसले. थोड्या वेळानं नर्स आली आणि म्हणाली, आजोबा गेले. आता हा कागद म्हणतो, मी गेटवर पोचायच्या आधीच ते गेले होते. मग मी बोलले कुणाशी?"

"भास झाला असेल गं आई," मुलगा हळूच म्हणाला. "अशा वेळी होतं माणसाला."

तो मायेनंच बोलत होता, पण आजींनी पदराखाली हात लपवला. जणू त्या हातानंच काही खोटेपणा केला होता.

"चहा मागवते, बसा जरा," म्हणून तारवाली उठली आणि थेट वॉर्डात गेली.

वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरला तो दिवस आठवत होता. आजोबांचा शेवट शांततेत व्हावा म्हणून खाटेजवळच्या यंत्राचा आवाज बंद ठेवला होता. ठोके थांबले ती वेळ यंत्रानं आपोआप नोंदवली आणि डॉक्टरांनी तीच कागदावर उतरवली. नेमक्या त्या घटकेला पडद्याआड आजींशिवाय कुणीच नव्हतं.

तारवालीनं खिशातला मोबाइल काढून त्या यंत्राच्या स्क्रीनशेजारी धरला. यंत्र जवळजवळ पंधरा मिनिटं मागे होतं. शेजारचा कॉम्प्युटर पाहिला, तोही तेवढाच मागे.

खरं तर व्यवस्था साधी होती. दूरच्या केंद्रातून रेडिओवर अचूक वेळ सांगितली जाई. गच्चीवरचा अँटेना ती पकडे, मुख्य कॉम्प्युटर ती ऐके आणि रुग्णालयातल्या बाकी यंत्रांना सांगे. थोरल्यानं सांगावं, धाकट्यांनी ऐकावं, तसं. ती जिना चढून गच्चीवर गेली, तर अँटेनाच्या डोक्यावर कुणी तरी पत्र्याची नवी शेड ठोकलेली. बिचारा तोंड दाबल्यासारखा खाली उभा. कित्येक महिने त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. मुख्य कॉम्प्युटर आपल्या अंदाजानं रोज थोडा थोडा मागे पडत गेला आणि सगळं रुग्णालय त्याच्यामागून. सगळेच सारखे चुकले, की चूक दिसत नाही. गेट तेवढं सुरक्षावाल्यांचं, त्यांची वेळ मोबाइलच्या नेटवर्कवरून येई. ती बरोबर होती.

रोज किती मागे पडलं याचा हिशेब मांडून ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली.

"म्हणजे इतक्या महिन्यांच्या सगळ्या नोंदी..." त्यांनी कपाळाला हात लावला.

"हो सर. सगळ्या दुरुस्त कराव्या लागतील. पण माझ्या खोलीत एक आजी बसल्यात. त्यांना आधी सांगू का?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चला, मीही येतो. हे सांगायला आपण दोघांनी जायला हवं."

तारवाली आजींच्या समोर स्टूल ओढून बसली. असं कुणाच्या समोर बसायची तिला सवय नव्हती.

"आजी, आमचं घड्याळ मागे होतं. आजोबा गेले ते साडेचारच्या सुमाराला. मिनिटाला मिनिट मी सांगू शकणार नाही. पण तुम्ही आलात तेव्हा ते होते. तुम्ही त्यांच्याशीच बोललात."

"चूक आमची आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "दाखला बदलून देतो. आणि मनापासून माफी मागतो."

मुलगा जमिनीकडे पाहत होता. मग तो आईच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "आई, मी उगाच तुला भास भास म्हणत राहिलो."

"तुझं काय चुकलं रे. कागदच तसा होता."

"काय बोललीस बाबांशी?"

आजींच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "काय बोलणार? कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत, म्हणून मी रागावले. चाळीस वर्षं तेच विचारत आले. त्यावर हात दाबला त्यांनी. सांगितलं मात्र नाही."

मुलगा हसला. "मग उघडलं कसं कपाट?"

"नाही उघडलं अजून," आजी म्हणाल्या, आणि त्याच्या केसांवरून हात फिरवू लागल्या. "मला धीरच होत नव्हता. आज बोलवू कुलूपवाल्याला."