विझवलेली धसकटं

माझे थोरले भाऊ महारुद्र, म्हणजे आमचे अण्णा, भूमच्या बाजारात दर आठवड्याला सांगतात, की त्यांनी माझा जीव वाचवला. ऐकणारे माना डोलावतात. मी शेजारच्याच कचेरीत कारकून आहे, त्यामुळं काहीजण खिडकीतून डोकावून वाचलेला जीव बघूनही जातात. एकदा एकानं तर मला हात लावून पाहिलं.

एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमारास कचेरीतून लांब रजा घेऊन मी पुण्यात ग्लायडर चालवायला शिकलो. बब्रुवान हे माझं नाव ऐकून तिथली पोरं हसायची, पण हवेत मला तोड नव्हती. हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. शेवटी तिथले शिकवणारे साहेब म्हणाले, पुण्याहून निघून बालाघाटाचे डोंगर ओलांडून येरमाळ्याच्या माळावर जो आधी उतरेल, त्याला शिक्षकाची जागा. आम्ही दोघं उमेदवार होतो. पहिली पाळी माझी.

त्याआधी मी घरी गेलो. आमची शेताची पट्टी डोंगराच्या अलीकडं, अगदी माझ्या वाटेवर.

"अण्णा, ग्लायडरला इंजिन नसतं," मी समजावलं. "घार कशी गरम हवेवर चढते, तसं चढायचं. डोंगराआधी मला उंची लागणार. ज्वारीची धसकटं एका जागी रचून ठेवा आणि मी मावळतीकडून दिसलो की पेटवा."

"बिनइंजिनाचं इमान!" अण्णा हसले. "मला येडा समजतो व्हय? पर पेटवतो बाबा, तू म्हणतोस तर."

त्यांना थट्टाच वाटली. मीही जास्त ताणलं नाही.

त्या दिवशी हवा सोन्यासारखी होती. ढगाखालून ढगाखाली जात मी भीमा ओलांडली, करमाळा मागं टाकला. परंड्याचा किल्ला डाव्या... नाही, उजव्या पंखाखाली गेला. मी चक्क गात होतो. पुढं मात्र आभाळ कोरडं ठाक. ढग नाही, घार नाही, आणि चढ-उतार दाखवणारा काटा खालीच झुकलेला. समोर डोंगराची कड माझ्या डोळ्यांच्या रेषेत आली. आता गेली जागा, असं वाटलं, तेवढ्यात आमच्या पट्टीतून धूर उठला. जाड, सरळ, उभा. अण्णांच्या पायांवर डोकं ठेवावं असं वाटलं मला.

मी नाक थेट धुराकडं वळवलं.

जवळ आलो तर खाली माणसं पळत होती. लिंबाच्या ओल्या फांद्यांनी जाळ झोडपत होती, माती फेकत होती. आई घागर उपडी करत होती. मी आतून बोंबललो, "राहू द्या! राहू द्या!" काचेतून कोणाला ऐकू जाणार? मी धुरात शिरलो तेव्हा त्यात ऊब उरली नव्हती. एक घिरटी घातली, दुसरी घातली. काटा जरासा थरथरला आणि पडला. शेजारच्या रानात उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

अण्णा धावत आले आणि रडत गळ्यात पडले.

"आवाजच बंद पडला व्हता रं! इंजिन बंद पडून सरळ जाळातच यायला लागलास. इझवला नसता तर कोळसा झाला असता तुजा!"

शिव्या तोंडाशी आल्या होत्या. अण्णांचे तळहात भाजून सोलले होते. नाल्यापलीकडच्या विहिरीवरून आईनं आणलेलं दिवसभराचं पाणी मातीत गेलं होतं, आणि भर उन्हाळ्यात ती कोरड्या घागरी घेऊन हसत उभी होती. मी शिव्या गिळल्या. त्याच धसकटांच्या उरल्यासुरल्या निखाऱ्यांवर मीठ-मोहऱ्या टाकून आईनं माझी दृष्ट काढली. मग स्वतःच्या डोक्यावर माझा हात ठेवून मला शपथ घ्यायला लावली, पुन्हा त्यात बसायचं नाही.

दोनच दिवसांनी दुसरा उमेदवार येरमाळ्याला उतरला. आमच्या घरावरून गेला म्हणे. अण्णांनी त्याला हात केला.

मला राग आला होता. अजूनही येतो, आणि तो काढायला माणूस नाही.

परवा बाजारात अण्णा सोनारी गावच्या कोणा पाव्हण्याला घेऊन खिडकीशी आले. हातावरचे डाग दाखवून झाले होते.

"बब्रुवाना, सांग ह्यांना. आवाज बंद पडला व्हता का न्हाय?"

"पडला होता," मी म्हणालो. "अण्णा होते म्हणून वाचलो."

पाव्हण्यानं अण्णांच्या पाया पडून घेतलं. मी पुढचा अर्ज ओढला.