तुतीची हिरवी फांदी

मित्रांनो, जुईनगरला रेल्वेचं स्टेशन नव्हतं, तेव्हापासून एका बैठ्या घरापुढे उभी असलेली मी जुनी तुती. साताऱ्याहून येताना राजाबाईने माझी काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि पायरीशेजारी खोचली. तिचे यजमान जोतीराम वाशीच्या मार्केटात माथाडी. दिवाळी सरली की ते कात्री घेऊन माझ्या फांद्या निम्म्यावर आणत. जीव कळवळायचा, पण तुतीला फळ धरतं ते नव्या फुटीवरच. माघात मी काळ्याभोर तुतींनी लगडायचे आणि गल्लीतली पोरं जांभळी तोंडं घेऊन घरी जायची.

गेल्या वर्षी छाटणी झाली त्याच आठवड्यात सून उज्वलाचं पोटातलं बाळ गेलं. राजाबाईच्या मनाने या दोन गोष्टींची जी गाठ बांधली, ती काही सुटेना. यंदा उज्वलाला पुन्हा दिवस गेले आणि सासूने बजावलं, घरात गरवार बाई असताना ओल्या झाडाला लोखंड लावायचं नाही. जोतीरामांनी थोडा वाद घातला, मग कात्री माळ्यावर टाकून दिली.

नेमका यंदाच माझ्यात खोडकिडा शिरला. वरच्या हिरव्या फांदीला भोक पाडून तो आतून बुंध्याकडे पोखरत निघाला आहे. पायरीवर रोज भुसा पडतो, तो घरच्यांनाही दिसतो. ती एक फांदी भोकाच्या खालून कापली तर मी वाचेन. ओरडून सांगावंसं वाटतं, पण झाडाचं कोण ऐकतं?

माझी पानं पिवळी पडू लागली तशी, गरवार बाईच्या दारचं झाड वाळणंही अशुभच, असं राजाबाई म्हणू लागली. कापवेना आणि मरूही देववेना, अशी तिची गत झाली. ती मला हळदकुंकू वाहते, पाणी घालते आणि पदराने डोळे पुसते. काल उज्वला तिच्याजवळ येऊन बसली.

"आत्या, बाळ तुतीमुळं न्हाई गेलं. ती किडकी फांदी कापा तुमी."

"आन परत तसंच झालं तर? मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

 शेवटी राजाबाईनेच वाट काढली. वाळकं मोडायला बंधन नाही, म्हणून तिने माझ्या वाळक्या काटक्या हाताने मोडल्या, त्यांची मोळी बांधली आणि कितीतरी दिवसांनी हसली. "आता जगंल बघ," म्हणाली. हिरव्या फांदीला तिने हातही लावला नाही.

मित्रांनो, जपणं म्हणजे नुसतं कुरवाळणं नव्हे. वेळेवर कापणं हीसुद्धा मायाच आहे. त्या गल्लीतून कुणी जात असाल तर राजाबाईला एवढं सांगा, आणि आजच सांगा. किडा बुंध्यापाशी आला आहे. मी मेले तर मेले, पण त्या दिवसापासून ती उज्वलाच्या पोटाकडे कशी बघेल, या विचाराने माझा धीर सुटतो.