घारींच्या लग्नातला बनियन

मित्रांनो, मी एक जुना बनियन आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा मला चार भोकं होती. आज अकरा आहेत.

काळाचौकीच्या चाळीत गंगाधरकाकांच्या अंगावर मी सहा वर्षं काढली. ऑफिसात शर्टाच्या आत, गॅलरीत शर्टाशिवाय, अशी दुहेरी नोकरी. कौतुक एकदाच झालं. काका म्हणाले, "ह्यात हवा छान लागते हं!" ते अकराव्या भोकाचं कौतुक होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी नलूकाकूंनी मला दोरीवर टाकलं, चिमटा लावला आणि जाहीर केलं, "उद्या ह्याचं फरशीचं फडकं करणार."

मला स्वस्थता येईना. वारा नव्हता, तरी मी हलत होतो.

वर एक नर घार सकाळपासून एका मादीमागे घिरट्या घालत होता. ती लांब जाई, हा शीळ घाली. अचानक तो खाली आला आणि मला चिमट्यासकट घेऊन गेला. मग मादी हवेतच उलटी झाली, पंजे वर केले. ह्याच्या एका पंजात मी, दुसऱ्यात ती. तिघं गरगरत खाली! मित्रांनो, वॉशिंग मशीन मला नवीन नाही. पण त्यात खाली जमीन येत नसते. पत्र्यापासून दोन हातांवर त्यांनी एकमेकांना सोडलं. मला नाही सोडलं. लग्न जमलं होतं.

समोरच्या पिंपळावर घरटं झालं. त्यात मी गादी.

काकू महिनाभर फडकं शोधत होत्या. शेवटी त्यांनी मला पिंपळावर ओळखलं आणि काकांना लांब काठी देऊन गच्चीवर पाठवलं. काठी घरट्याला टेकली.

"ए गंगाधर, थांब मॅन!" शेजारचा मॅल्कम दुर्बीण घेऊन ओरडला. "तीन अंडी आहेत, वर आई. तुझ्या बनियनमध्ये चौघं आहेत रे!"

काकांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "मग सैल होत असेल त्यांना," म्हणाले, आणि काठी खाली घेतली.

"अहो, फडकं?" खालून काकू.

"बाळंतपण चाललंय तिथे!"

आता माझ्यावर तीन पिल्लं बसतात. बसल्या जागीच सगळं करतात. फडक्याचं आयुष्य ह्याहून स्वच्छ असतं. थोरलं तर दिवसभर उड्या मारतं. ते पडेल की उडेल, ह्या काळजीने माझा डोळा लागत नाही.

तेव्हा एवढीच विनंती. जुन्या कपड्याला लगेच फाडू नका. आणि जानेवारीत आभाळातून कुणी दोघं गरगरत खाली येताना दिसली, तर दोरीवरचा चिमटा जरा सैल लावा.