बसल्या जागी एकशे अठरा

अश्लेषाअक्काचा सीए फायनलचा शेवटचा पेपर बुडाला, आणि तो मी बुडवला.

तसं काही झालेलं नाही. वरचं वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढे चला. आमच्या घरात बारा दिवस असंच चाललं आणि कुणाचं काही अडलं नाही.

तर मी पवनकुमार, वय पंचवीस. घर राजाजीनगरला, ऑफिस एचएसआर लेआउटला, आणि माझं तारुण्य या दोन्हींच्या मधल्या सिग्नलवर. आमची कंपनी दुकानदारांना माल मोजायचं अ‍ॅप विकते. जुलैमध्ये एचआरच्या लक्षात आलं की आम्ही सगळे खुर्चीतच मरणार आहोत, म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर एक घड्याळ बांधलं आणि स्पर्धा लावली. नियम सोपा होता. नाडी एकशे दहाच्या वर गेली की ते मिनिट व्यायामाचं. सहा आठवड्यांत ज्याची मिनिटं जास्त, तो हार्ट चॅम्पियन.

पहिल्या आठवड्यात माझी अकरा मिनिटं झाली. त्यातली नऊ कुत्रा मागे लागला तेव्हाची.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. फायनलला तीनदा बसली, तीनदा पडली. येत नव्हतं असं नाही. पहिला प्रश्न लिहिताना तिला पाचवा आठवायचा, आणि पाचवा लिहिताना खिडकी. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला एडीएचडी असं नाव दिलं आणि लक्ष टिकायची गोळी सुरू केली. "लहानपणी सगळेच असे असतात," असं बाबा म्हणाले होते. मग एक दिवस ती सलग दोन तास पुस्तकासमोर बसलेली दिसली, तेव्हा त्यांनी खोलीचं दार बाहेरून हळूच ओढून घेतलं.

या गोळ्या मोजून मिळतात. चिठ्ठीवर केमिस्टचा शिक्का पडतो, आणि संपल्या तर पुढची तारीख येईपर्यंत नाहीत. पेपर दुपारी दोनचे. सकाळची गोळी तोवर उतरते, म्हणून पेपरच्या दिवशी डॉक्टरांनी दुपारी आणखी एक सांगितली होती. त्यासाठी अक्काने रविवारच्या गोळ्या न घेता एका स्टीलच्या डबीत साठवल्या. जुलैपर्यंत चौदा रविवार, चौदा गोळ्या.

पहिली मी कामासाठी घेतली. अ‍ॅपचं रिलीज होतं, झोप झाली नव्हती, एकच घेतली. सकाळी अकराच्या मीटिंगमध्ये घड्याळ थरथरलं: अभिनंदन, बेचाळीस मिनिटं व्यायाम. ती बेचाळीस मिनिटं मी निळं बटण हिरवं करावं का, यावरची चर्चा ऐकत होतो. नाडी एकशे अठरा. पायात बूटही नव्हते.

स्पर्धेच्या उरलेल्या पाच आठवड्यांत अकरा गोळ्या झाल्या. डबी रिकामी दिसू नये म्हणून मी आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या भरल्या. तशाच पांढऱ्या, गोल, किंचित जाड. किंचित फरकाकडे लक्ष न जाणं हाच अक्काचा आजार होता, आणि मी त्याच्यावर भिस्त ठेवली. हे वाक्य लिहिताना मी तीनदा उठून पाणी पिऊन आलो.

माझ्या बाजूने एक सांगतो. तिचे पेपर तीन होते, म्हणून तीन खऱ्या मी सोडल्या, आणि त्या वरती ठेवल्या. माझ्या मते ही व्यवस्था चोख होती.

ऑफिसात मी देव झालो. सकाळचे हातपाय हलवायचे व्यायाम घ्यायला मलाच पुढे उभं करू लागले. बेळगावचा सुरज माझ्या शेजारी बसतो, तो मागेच लागला.

"सांग की लेका, करतोस काय नेमकं?"

"श्वास."

"ते आम्हीपण घेतोय की."

"तू बाहेरचा घेतोस."

त्याच आठवड्यात लिफ्ट बंद पडली. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना चॅम्पियनला दोनदा कठडा धरून उभं राहावं लागलं. सुरज मागून माझी बॅग घेऊन आला. त्याने पुढे जाऊन चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी बक्षीस होतं. त्याआधी तपासणीला डॉक्टर वाणी आल्या. त्यांनी माझा आलेख समोर धरला.

"मंगळवारी अकरा ते एक. नाडी एकशे अठरा, पावलं सात. काय करत होतास?"

"मीटिंग."

"मग सात पावलं?"

"चार्जर आणायला गेलो."

त्यांनी रक्तदाब घेतला. पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा घेतला.

"काय घेतोस?"

"कॉफी."

"कॉफी मीपण घेते. आज काय घेतलंस?"

मी भिंतीवरच्या पोस्टरकडे बघितलं. त्यावर हसणारं हृदय होतं.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "गोळीचं नाव नको सांगू, स्वल्प ऐक. माणूस धावतो तेव्हा पाय रक्त मागतात, म्हणून हृदय पळतं. पायातल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, रक्ताला वाट मिळते. थांबला की नाडी उतरते. महिनोन्महिने केलं की एका ठोक्यात जास्त रक्त जातं, मग बसल्यावर साठ ठोक्यांत भागतं. तुझ्या पायांनी काही मागितलंच नाही. वरून कुणीतरी चाबूक मारतोय, वाहिन्या आवळल्यात, दाब चढलाय. ज्याला ही गोळी लागते त्यालासुद्धा डॉक्टर नाडी आणि दाब बघून देतात. तू कुणाला दाखवून घेतोस? घड्याळाला ठोके मोजता येतात, कशाचे ते कळत नाही. आजपासून बंद. उद्या ईसीजी काढ."

एचआरने सर्टिफिकेट तरीही दिलं, कारण ते छापून झालं होतं.

संध्याकाळी जेवताना मी हे सगळं घरी सांगितलं. आमच्या टीममधल्या एका मुलाची गोष्ट म्हणून सांगितलं, आणि हसवून सांगितलं. बाबांचं यशवंतपूरला पंपाच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान आहे. त्यांना एका वाक्यात समजलं.

"म्हणजे वॉल्व्ह आवळून मोटर चालवली. येतात आमच्याकडे तशा. बाहेरून रंगसुद्धा गेलेला नसतो." त्यांनी भाकरी मोडली. "कोण होता तो?"

"आहे एक. तुम्ही नाही ओळखत."

अक्काचं ताटात लक्ष नव्हतं, पण या वेळी ते नेमकं माझ्याकडे होतं. "त्याला गोळ्या मिळाल्या कुठून? मोजून देतात रे त्या."

"काय माहीत."

"ज्याच्या घेतल्या, त्याचं काय झालं असेल?"

मी ताक मागितलं.

तिचे दोन पेपर चांगले गेले होते. तिसरा दुसऱ्या दिवशी, शनिवारी. डबीत बारा उरल्या होत्या, खरी एक, तीही वरती. सकाळी दात घासत मी स्वयंपाकघराच्या दारात आलो, तर आईने डबी देवापुढे ठेवायला घेतली होती. झाकणाला हळदकुंकू लावलं. मग सगळ्या गोळ्या ओंजळीत ओतल्या, मोजल्या, "बारा आहेत गं, पुरतील," म्हणाली आणि परत भरल्या.

बारातली एक. मी इंजिनिअर आहे, शक्यता काढता येते मला. तोंडात फेस होता, एवढंच कारण होतं न बोलायला. फेस थुंकायला चार सेकंद लागतात.

अक्का साडेपाचला आली आणि चपला न काढता बसली.

"दोन प्रश्न लिहिले. मग हॉलमधले पंखे मोजत बसले. एकोणीस आहेत." मग चपला काढत म्हणाली, "गोळी घेऊनसुद्धा."

त्यानंतरचे बारा दिवस ती हेच एक वाक्य घेऊन घरात फिरत होती. गोळी चालत नाही म्हणजे दोष गोळीचा नाही, माझाच. डॉक्टरांना सांगून बंद करते. परीक्षाही बस झाली. दुकानात बसते. बाराव्या दिवशी बाबांनी दुकानासाठी एक खुर्ची आणली, गादीवाली. तिच्यावरचं प्लास्टिक त्यांनी काढलं नव्हतं. तिने नाही म्हणावं अशी आशा असावी.

तेराव्या दिवशी सकाळी मी अक्काबरोबर मैदानावर गेलो. ती रोज धावते, बसल्यावर तिची नाडी छप्पन असते. अर्ध्या फेरीत मी कट्ट्यावर पडलो. तिने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

"एकशे साठ. धावल्याची आहे. बस, उतरेल."

"अक्का, तो टीममधला मुलगा मीच."

बोटं हलली नाहीत. मी कॅल्शियमचं सांगितलं, ओंजळीचं सांगितलं, फेसाचं सांगितलं. एकही विनोद सुचला नाही, आणि सुचत नाहीये याची मला भीती वाटली.

"किती घेतल्यास?"

"अकरा."

"छातीत दुखतं?"

"नाही."

"ईसीजी?"

"काढला नाही."

"आज काढायचा." मग तिने हात सोडला, उठली आणि तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला माझ्यासमोरून गेली, बघितलं नाही. परत आली तेव्हा लेस बांधायला वाकली होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

"घरी गेल्यावर बाबांना एवढंच सांग की गोळी माझ्यावर चालते. ते आधी. तुझं नंतर."

मी त्या क्रमाने सांगितलं. बाबांनी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं ऐकलं, आणि उठून खुर्ची परत द्यायला गेले. माझ्याशी अजून बोललेले नाहीत. म्हणून खालचा अर्ज केला आहे.

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक

विषय: गेल्या महिन्यातील शनिवार पुन्हा घेणेबाबत

महोदय,
वरील शनिवार उमेदवाराचा कोणताही दोष नसताना वाया गेला असून, त्यास खाली सही करणारा जबाबदार आहे. तरी सदर शनिवार आदल्या दिवशीच्या जेवणासह पुन्हा घेण्यात यावा, आणि "कोण होता तो?" या प्रश्नाचे उत्तर देण्यास अर्जदारास एक जादा संधी द्यावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
पवनकुमार शामसुंदर