झारीच्या पोटावरचं ठिगळ

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. माझ्या पोटावर एक ठिगळ आहे. ते हसण्यावारी नेऊ नका. ते ठिगळ लागलं म्हणून एका घरची जाई जगली.

एका कारागिराने मला ठोकून घडवलं आणि मी त्या घरी आले. मागच्या अंगणात तेव्हा नुसते विटांचे तुकडे होते. घरातल्या आईने ते वेचले, दोरी ताणून वाफे आखले. इवली रोपं ती अगदी खेटून लावू लागली, तेव्हा आजोबा म्हणाले, "सूनबाई, जरा लांब लांब. ही पोरं उद्या हातपाय पसरतील!"

कुंपणाशी मात्र तिने एकच रोप लावलं, जाईचं. तिच्या माहेरच्या वेलाची ती फांदी. तिची आई गेली, घर विकलं, अंगणात फरशी बसली. त्या वेलाचं एवढंच काय ते उरलं होतं.

"ही जगली पाहिजे हो," ती म्हणाली. घरादाराने ते मनावर घेतलं. सकाळी ती स्वतः मला उचलायची. ती आत वळली की आजोबा. कामावर निघताना बाबा. शाळेतून आली की दप्तरासकट त्यांची लेक चिमणी. ज्याचा त्याचा गुपचूप नेम! मला सगळे हात ठाऊक होते. पण सांगणार कशी?

पानं पिवळी पडून गळू लागली. "माझ्याच हाताला यश नाही," म्हणत आईने डोळे पुसले आणि आणखी पाणी घातलं. मुळाशी चिखल झाला होता. माझं मलाच नकोसं व्हायचं.

अशातच मी पोटाशी गंजून फुटले. "तांब्याने ओतू नका, मुळं उघडी पडतील. झारी येईलच आज-उद्या," आईने बजावलं. पण कारागीर गावाला गेलेला, म्हणून मी कितीतरी दिवस त्याच्या दुकानातच पडून राहिले. ठिगळ लावून मी परतले, तेव्हा जाईला कोवळी पालवी फुटली होती!

सगळेच मला घ्यायला धावले.

"द्या इकडे, जाईला मीच घालतो रोज," बाबा म्हणाले.

"तू? अरे, मी घालतो!" आजोबा म्हणाले.

"मी पण!" चिमणी ओरडली. मग हळूच म्हणाली, "आई, आपण तिला बुडवत होतो?"

"हो गं राणी. सगळे मिळून," आई म्हणाली. तिला हसू आवरेना आणि रडूही. तिने चिमणीचं बोट धरून मातीत खुपसलं. "ओल लागली की मागे फिरायचं."

आता चिमणी मोठी झाली. परवा ती नव्या घरी निघाली, तेव्हा आईने जाईची एक फांदी आणि मला तिच्या हाती दिलं. "पाणी कोण घालणार, ते आधी बोलून घ्या."

मित्रांनो, माया करताना तुम्हीही आधी माती चाचपून बघा. आणि काम झालं की मला पालथी ठेवा. फार ओल मलाही सोसत नाही.